कुंडीत रमलेला ठिपक्या

मास्तर म्हटल्यावर छडी आणि फळा डोळ्यांपुढे आणू नका. हे मास्तर शिलाई मशीनवरचे. गल्लीच्या तोंडाशी जी जुनी इमारत आहे तिच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं! एक पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि स्वतः मास्तर एवढं आत मावलं की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. नवे कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, कारण नवे कपडे शिवून घेणारेच उरले नव्हते. आता पँट आखूड कर, बाही सैल कर, चेन बदल, असली डागडुजी. पण डागडुजीतही माणूस असा काटेकोर, की टीप केसभर वाकडी गेली तर गिऱ्हाईक "राहू द्या हो, चालेल" म्हणत असताना हा उसवून पुन्हा घालणार. "चालेल हा शब्द माझ्या दुकानात चालत नाही," असं ते ऐकवायचे. गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही ते वाक्य पाठ होतं, आणि पोरं त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायची.

ह्या माणसाला बियांचं वेड लागलं ते एका कोटातून. बोटीवरच्या एका खानसाम्यानं त्याचा जाडजूड कोट उसवून उलटा शिवायला दिला होता. अस्तर काढताना खिशाच्या तळाशी, शिवणीत अडकलेले काही दाणे निघाले. पांढरे, आणि त्यावर काळे-तांबूस ठिपके. खानसामा कोट न्यायला परत आलाच नाही. बोट गेली ती गेली. कोट बिचारा खुंटीवर कसरीनं खाल्ला, पण दाणे मास्तरांनी मागच्या अंगाला फुटक्या बादलीत टोचून टाकले होते. वेल असा सुटला, असा सुटला, की सांडपाण्याच्या पाइपाला विळखे घालत पार गच्चीवर पोचला. शेंगा कोवळ्या, भाजी गोड. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं ठिपक्या. पोटच्या पोरीचं नाव ठेवताना त्यांनी एवढा विचार केला नव्हता, असं त्यांची बायको म्हणायची. तिला सगळी गल्ली थट्टेनं मास्तरीणबाई म्हणे.

एकदा हाताला माती लागल्यावर मास्तर थांबतात कुठले! इमारतींच्या मागे कपडे वाळत घालायचा एक उजाड पट्टा होता. तिथं त्यांनी बादल्या मांडल्या, फुटके टब मांडले, कुणीतरी टाकून दिलेलं स्वयंपाकघरातलं सिंक आणून त्यात पालक लावला. बघणाऱ्यांनाही हौस आली. कुणी गॅलरीत मिरची लावली, कुणी जिन्याच्या कठड्याला काकडीचा वेल बांधला. मग मास्तरांनी बीवाटप काढलं. हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्याकडून बी न्यायचं. भाजी खायची, पण झाडावर एखाद-दुसरं फळ जून होऊ द्यायचं, त्याचं बी वाळवायचं आणि परत आणून द्यायचं. ते बी पुढच्या हंगामात दुसऱ्या घरी जाणार. त्यासाठी त्यांनी घरटी एक पिशवी शिवली, तीही त्या-त्या घराच्या कातरणातून. कंडक्टरची खाकी पँट आखूड केली होती, त्या तुकड्याची पिशवी कंडक्टरला. नर्सबाईंच्या जुन्या कोटाची नर्सबाईंना. आत पांढरं अस्तर, वर नेफा, नेफ्यात नाडी. तयार बियाणाच्या दुकानावर मास्तरांचा भारी राग. "बाजारचं बी म्हणजे तयार कपडे. सगळ्यांना होतात आणि एकालाही बसत नाहीत," असं म्हणून ते त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

पहिल्या वर्षी परत आणून द्यायचा रविवार आला. मास्तर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून इमारतीच्या आवारात बाकावर बसले. शेजारी पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. रिटायर झालेला एक पोस्टमन तळमजल्यावर राहायचा, त्यानं टोमॅटोचं बी कागदावर वाळवून आणलं. नर्सबाईंनी मूठभर पालकाचं आणलं. बाकी जो आला तो हात हलवत. एकाचं कबुतरांनी खाल्लं होतं, एकाचं भिजलं होतं, एकाच्या बायकोनं केरात टाकलं होतं. कंडक्टर तर मोकळेपणानं म्हणाला, "मास्तर, काकड्या इतक्या फर्मास लागल्या की बियांसकट खाल्ल्या! चूक झाली."

"बरं," एवढंच मास्तर म्हणाले.

डबे जवळजवळ रिकामेच घरी आले. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले ते उठायचं नाव घेईनात. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. दुकानाला कुलूप. लोकांच्या पँटी आत अडकल्या. जेवायला वाढलं की "भूक नाही." शेवटी मास्तरीणबाई एका दुपारी चपला घालून जिना उतरून गेली, ती बऱ्याच वेळानं परत आली. त्यानंतर हळूहळू माणूस उठला, दुकान उघडलं, पँटी सुटल्या.

आणि पुढच्या वर्षी नवलच झालं! सगळ्या पिशव्या भरून आल्या. काकडी, भेंडी, दोडका, पालक, मिरची. दाणे टपोरे, सारखे, एकही किडका नाही. मास्तर आनंदानं डब्यांची झाकणं उघडून ज्याला-त्याला दाखवत सुटले. वास्तविक इथंच त्यांनी डोकं खाजवायला हवं होतं. ज्या माणसाला शिवणीतला एक टाका सैल पडलेला दिसतो, त्याला कंडक्टरच्या काकडीचं बी नर्सबाईंच्या काकडीच्या बियांसारखंच हुबेहूब दिसतं हे दिसू नये? पण आपल्याला हवं ते समोर आलं की डोळे मिटतातच माणसाचे. "बघ," ते बायकोला म्हणाले, "माणूस चुकतो, पण सुधारतो. त्याला वेळ द्यायला लागतो."

"हो ना," मास्तरीणबाई म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

मग मास्तरांना जरा चढलंच. वाटपाच्या दिवशी भाषण सुरू झालं. आधी लहान, मग लांबत गेलं. बी खोल लावू नका, पाणी वरून ओतू नका, जून फळाला हात लावू नका. लोक ऐकून घेत. पोरं मागे उभी राहून "चालेल हा शब्द" म्हणत खिदळत. कंडक्टरनं एका पोराला टपली मारून गप्प केलेलं मास्तरांनी पाहिलं, आणि त्यांना भरून आलं. गल्लीनं आपल्याला मान दिला, असं त्यांना वाटलं.

पुढे मागच्या पट्ट्यात इमारतीची पाण्याची टाकी बसवायची ठरलं. बादल्या हलल्या, सिंक भंगारात गेलं, पाइपावरचा ठिपक्या मुळापासून निघाला. मास्तर हळहळले, पण डगमगले नाहीत. ठिपक्याचं जेवढं बी घरात होतं तेवढं सगळं त्यांनी त्या हंगामात वाटून टाकलं.

"थोडं घरात ठेवा की," बायको म्हणाली. "वेळ काय सांगून येते?"

"एका घरात ठेवलेलं बी त्या घराबरोबर मरतं," मास्तर म्हणाले. "वाटलं तरच वाचतं. आता ते गल्लीचं आहे, गल्ली सांभाळेल."

हंगाम सरला, ठिपक्या परत आला. ठिपके तेच, फक्त दाणा जरा जाड आणि रंगाला लालसर. मास्तरांनी दुकानाच्या पायरीवर कुंडी ठेवून त्यातले दोन लावून पाहिले. रोप वर आलं, गुडघ्याएवढं झालं आणि थांबलं. मास्तरांनी काठी रोवली, दोरी बांधली. ते काही दोरीला शिवेना. तिथंच फुललं, तिथंच शेंगा धरल्या, संपलं. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मास्तरांना शंका नाही आली, त्यांना सिद्धान्त सुचला!

पुढच्या वाटपाला बाकावर उभं राहून त्यांनी तो सांगितला. "हा ठिपक्या आता आपल्या गल्लीचा झाला. ह्याला कळलं, इथं चढायला पाइप नाही, पसरायला पट्टा नाही. कुंडीएवढंच जग आहे. म्हणून हा बुटका झाला. कुंडीत रमला. माणसाला जन्मभर जे जमत नाही ते ह्यानं दोन हंगामांत केलं. हे बी जगात कुठं मिळणार नाही, फक्त आपल्याकडे आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोस्टमन चष्मा पुसायला लागला. नर्सबाईंना गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. अळीमिळी गुपचिळी! आणि मास्तरीणबाई वर गॅलरीत उभी होती ती आत निघून गेली.

ह्याच दिवसांत लेकीचा फोन यायला लागला. लेक दुसऱ्या गावी, कारखान्यात पाळीची नोकरी, नवराही तसाच, पदरात दोन लहान पोरं. घर मात्र बैठं मिळालं होतं. "बाबा, मागे वेगळी खोली आहे. अंगण आहे, मातीच माती आहे, तुम्हाला काय लावायचं ते लावा. आई असली की मुलांची काळजी नाही. माझ्या एकटीच्यानं होत नाही आता. या ना तुम्ही दोघं, कायमचेच या."

मास्तरीणबाईचा जीव फोनपाशी गोळा झालेला. मास्तर म्हणाले, "अगं, यायला काय, कधीही येऊ. पण गल्लीचं कोण बघणार? एवढी माणसं विश्वासानं बी घेऊन येतात माझ्याकडे. मी हात काढला की दुसऱ्या दिवशी सगळं संपलं समज. ठिपक्या तर गेलाच."

मास्तरीणबाई हातात ताटली घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. तोंडात मूग धरून बसणं म्हणतात ते हेच. लेकीनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. मास्तरांना वाटलं, समजूतदार आहे पोर, बापाचं काम काय आहे ते तिला पटलं.

यंदा कंडक्टरच्या घरचे बाहेरगावी जायचे होते, म्हणून कंडक्टरची बायको रविवारच्या आधीच पिशवी दुकानात ठेवून गेली. मास्तरांनी काकडीचं बी डब्यात ओतलं आणि सवयीनं पिशवी उलटी केली. दोरे निघालेत का, नेफा उसवलाय का, ते बघायची त्यांची खोड. अस्तरावर गुलाबी डाग होता. शिवणीच्या कडेनं, जिथं ओलं बी साठून राहतं तिथं, चांगला पसरलेला.

रंग जातोय, हे आधी मास्तरांच्या मनात आलं. पण जातोय कशाचा? बाहेरचं कापड खाकी. ते त्यांनी स्वतः धुऊन, इस्त्री करून मग शिवलं होतं. खाकीतून गुलाबी कसा येईल? त्यांनी डब्यातल्या बिया तळहातावर घेऊन बोटानं चोळल्या. बोट किंचित गुलाबी झालं. रोग असेल, असं त्यांना वाटलं. गल्लीतल्या बियांना रोग लागला, आणि आपल्याला पत्ताच नाही! आता ह्याचं निदान करणार कोण? बियांच्या रोगाबद्दल विचारायला गावात एकच जागा होती. मास्तरांनी मनाचा हिय्या केला, पिशवी खिशात घातली आणि ज्या दुकानाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं त्याची पायरी चढले.

बियाणेवाल्यानं त्यांना बघून हातातलं काम टाकलं, स्टूल फडक्यानं पुसलं. "मास्तर! तुम्ही? या, बसा, बसा. किती वर्षांनी!"

"बसायला नाही आलो. हा कसला रोग आहे ते सांगा." त्यांनी पिशवी उलटी करून दाखवली.

बियाणेवाला हसला. "रोग कसला? हे आमचं औषध. कीड लागू नये म्हणून बियाला चोळूनच येतं. काकडीला गुलाबी, भेंडीला हिरवं. कितीही धुतलं तरी थोडं राहतंच. मी प्रत्येकाला बजावतो, मास्तरांकडे द्यायचं असेल तर कोमट पाण्यात धुवा, साबण लावू नका, पंख्याखाली वाळवा, मगच पिशवीत भरा. पण लोकांना कुठला दम! ओलंच भरलं असणार." एवढं बोलून त्याची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर गेली आणि जीभ अडखळली. "म्हणजे... मला वाटलं, एव्हाना वहिनींनी तुम्हाला..."

"कुठल्या वहिनींनी?"

बियाणेवाल्यानं उगाच तराजू सरळ केला. आता सुटका नव्हती. "तुमच्याच हो. दर वर्षी त्याच आधी येऊन सांगून जातात, कुणाला काय द्यायचं ते. सगळ्यांनी एकच नको आणायला म्हणून. गल्लीतलं सगळं गिऱ्हाईक तुमच्या रविवारच्या आधी माझ्याकडे. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, मास्तर, खरं सांगतो." तो चेष्टा करत नव्हता. ते जास्त वाईट होतं.

मास्तरांनी पिशवी सुलटी करून खिशात घातली. मग म्हणाले, "पण ठिपक्या? तो तर तुमच्याकडे नाही."

"नाही ना! वहिनी एक दाणा घेऊन आल्या होत्या, अगदी अस्साच दे म्हणून. तसला वेलाचा माझ्याकडे कुठला असायला? मीच म्हटलं, पलीकडे किराणावाल्याकडे शिजवायचा ठिपकेवाला राजमा मिळतो, तो दिसायला जवळ जाईल. फक्त तो बुटका असतो. वेल नाही जात."

फक्त तो बुटका असतो. मास्तर पायरी उतरले. रस्ता ओलांडायचा विसरले, एका सायकलवाल्यानं शिवी हासडली तीही त्यांना ऐकू गेली नाही. बाकावर उभं राहून केलेलं भाषण त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. कुंडीत रमला. जगात कुठं मिळणार नाही. किराणावाल्याच्या पोत्यातला राजमा! आणि सगळे माना डोलावत होते.

घरी मास्तरीणबाई खाली बसून धुतलेले कपडे घडी करत होती. मास्तरांनी चपलाही काढल्या नाहीत.

"ठिपक्या कुठून आणतेस?"

तिनं घडी अर्धवट मांडीवर ठेवली. कानावर हात ठेवले नाहीत, बहाणा केला नाही. "कुणी सांगितलं?" एवढंच तिनं विचारलं.

"सगळी गल्ली मला हसत होती. एवढी वर्षं! तुझ्यादेखत!"

"हसत नव्हती हो. हसली असती तर परवडलं असतं. कीव करत होती." ती घडीकडे बघत बोलत होती. "पहिल्या वर्षी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. मला वाटलं माणूस हातचा जातो. मी घरोघर गेले, हात जोडले. म्हटलं, ह्या वर्षापुरतं एवढं करा, दुकानातून आणून द्या, पुढच्या वर्षी हे आपोआप विसरतील. तुम्ही विसरलात? तुम्ही भाषणं ठोकायला लागलात!"

"आणि खरा ठिपक्या?"

"तुम्ही सगळा वाटलात त्याच वर्षी संपला. नर्सबाईंच्या कुंडीत कुजला. कंडक्टरच्या घरी भाजी करून खाल्ला. कुणी लावला, कुणी डब्यात ठेवून विसरलं, त्याला भुंगे लागले. मी दारोदार विचारत फिरले तेव्हा पोस्टमनच्या खिडकीत एक दाणा सापडला. नमुना म्हणून तोच घेऊन मी दुकानात गेले होते."

"तो कुठाय?"

"लावला. गॅलरीतल्या कुंडीत लावला, रोज बघत होते. नाही आला."

मास्तर खाटेच्या कडेला टेकले. "मला सांगायचं होतंस."

"कधी सांगायचं होतं?" आता तिचा आवाज चढला. "लेकीचा फोन आला तेव्हा? तुम्ही मोठ्या तोंडानं सांगत होतात, गल्लीला माझी गरज आहे म्हणून. तेव्हा सांगू की गल्लीला काडीची गरज नाही, ही सगळी नाटकं मीच बसवलीत? जीभ उचलली नाही माझी. मला जायचं होतं हो! नातवंडं मांडीवर घ्यायची होती, लेकीला हातभार लावायचा होता. माझ्याच हातानं मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तुम्हाला दोष द्यायची सोयसुद्धा ठेवली नाही."

ती रडली नाही. रडली असती तर निदान पाण्याचा पेला तरी आणून देता आला असता. मास्तरांनी उठून फोन घेतला. "आत्ता लावतो. येतो म्हणून सांगतो. ह्या लोकांचं तोंड बघायचं नाही मला."

"नका लावू," मास्तरीणबाई म्हणाली. पण त्यांनी लावला.

"अगं, आम्ही येतो म्हणतोय," ते लेकीला म्हणाले. "दोघंही. ते बियांचं काय, बघेल कुणीतरी."

पलीकडून आधी पोराचा रडण्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "आईनं सांगितलं नाही का? त्या खोलीत सासूबाई राहायला आल्या. तुम्ही नाहीच म्हणत होतात, मग ह्यांनी त्यांना विचारलं. त्या त्यांचं घर मोडून आल्यात हो. आता त्यांना जा कसं म्हणू? तुम्ही सुट्टीत या ना, चार दिवस. सगळेच राहू कसेबसे."

"हो, हो. सहज विचारलं मी," मास्तर म्हणाले. "मुलं बरी आहेत ना?" त्यांनी मुलांची चौकशी केली, जावयाची केली, विहीणबाईंना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. मास्तरीणबाईनं अर्धवट राहिलेली घडी पुरी केली आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. तिला ते आधीच ठाऊक होतं. तेही तिनं एकटीनंच गिळलं होतं.

रविवारला अजून अवकाश होता. मास्तरांनी दुकान उघडलं, एक पँट आखूड केली, टीप वाकडी गेली, गिऱ्हाईक "चालेल" म्हणालं, आणि मास्तरांनी पँट तशीच घडी करून देऊन टाकली.

रविवारी सकाळी मास्तरीणबाई म्हणाली, "आज खाली बसू नका. अंगात कणकण आहे म्हणून सांगते सगळ्यांना. पुढे आपोआप बंद पडेल."

"पुढे म्हणजे कुठं?" मास्तर दाढी करत होते. "राहायचं इथंच, ह्याच जिन्यावरून चढायचं-उतरायचं. ह्यांच्याच पँटी शिवायच्या. कणकण किती दिवस सांगशील?" त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, डबे काखेत घेतले आणि खाली गेले.

लोक आले. दर वर्षी येतात तसे, नीट रांगेत, हातात पिशव्या घेऊन. मास्तर प्रत्येकाला दर वर्षीसारखं विचारत होते, भेंडी कशी आली, कीड पडली का, कुंडी कुठल्या अंगाला ठेवली होती. लोक सांगत होते. एकीनं तर पानं पिवळी पडली होती आणि मग तिनं राख टाकली असं तपशिलानं सांगितलं. किती सुरेख खोटं बोलत होती! मास्तर मान हलवत होते आणि बी डब्यात ओतत होते. भाषण मात्र त्यांनी केलं नाही. कुणी मागितलंही नाही. वर गॅलरीत मास्तरीणबाई कठडा धरून उभी होती.

नर्सबाईंच्या पुढे पोस्टमन होता. म्हातारा आता फार वाकला होता, पिशवी नुसतीच हातात, रिकामी लोंबत होती. "मास्तर, माझं बी राहिलं यंदा," तो ओशाळून म्हणाला. "काय झालं, कुणीतरी म्हणालं तुम्ही दोघं लेकीकडे जाताय, कायमचे. मला वाटलं, चला, बरं झालं, आता कशाला..." मागून कुणीतरी खाकरलं.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "इथंच आहोत आम्ही. कुठं जात नाही."

"असं होय! छान, छान." पोस्टमननं पिशवी खिशात कोंबली. "मग मी असं करतो, उद्या आणून देतो बी. उद्या नक्की."

"उद्या नको," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाला कपडा कधी मिळेल ते सांगताना असायचा तसा. "उद्या सोमवार. बियाणेवाल्याचं दुकान बंद असतं. परवा आणा."

रांग जिथल्या तिथं उभी राहिली. पोस्टमननं चष्मा काढला, पण पुसला नाही. कुणी मास्तरांकडे बघेना, कुणी एकमेकांकडे बघेना, आणि घरी जावं तर पाय उचलेना. नर्सबाईंनी हातातली पिशवी पाठीमागे नेली, मग बहुतेक त्यांचं त्यांनाच ते वाईट वाटलं, आणि त्यांनी ती पुढे आणून मास्तरांच्या हातात ठेवली. मास्तरांनी नाडी सोडली, बी डब्यात ओतलं आणि मागच्या माणसासाठी हात पुढे केला.